लॅपटॉपवर शूटर गेमचं कॅम्पेन शेवटपर्यंत खेळायचंय, कुठनं सुरू करू?

खानापूरचा_गडी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात कामाला, रोज येऊन-जाऊन करतो. आतापर्यंत सगळं मल्टिप्लेअरच खेळलोय, मोबाईलवर बीजीएमआय आणि कधीतरी मित्राकडं व्हॅलोरंट, पण आता पाऊस लागलाय आणि आमच्याकडं एकदा पाऊस लागला की नेटचा भरवसा नाही, मॅच मध्येच तुटते आणि टीममधली पोरं वैतागतात ते वेगळंच. म्हणून म्हटलं आता एकट्यानं खेळायचे शूटर बघू, ज्याला स्टोरी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचं असतं, म्हणजे कॅम्पेन.

लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बॅटरी पण गेलेली आहे, म्हणजे लाईट गेली की लॅपटॉप बंद.

सध्या कॉल ऑफ ड्युटीचं जुनं मॉडर्न वॉरफेअर खेळालोय, २००७ चं. चालतंय झकास, पण एका ठिकाणी अडकलोय, समोरच्या बिल्डिंगमधनं माणसं येतच राहतात, मी भिंतीमागं बसून एकेकाला टिपालोय तरी संपत नाहीत, आणि तेवढ्यात लाईट गेली की परत मागच्या चेकपॉईंटपासनं सुरू. डिफिकल्टी हार्डन्ड, म्हणजे नॉर्मलच्या वरची, ठेवलीय. ह्याला काही उपाय आहे काय? आणि पुढं कुठले गेम कुठल्या क्रमानं खेळू, नॉर्मलवर खेळू का हार्डवर, तेही सांगा. अर्धवट सोडायचं नाही एवढं मात्र ठरवलंय.

---

शहापूरची_पोरगी

अरे भावा, तू भिंतीमागं बसून राहिलास तर ती माणसं जन्मात संपणार नाहीत. त्या गेममध्ये बऱ्याच ठिकाणी असं केलंय की जमिनीवर एक न दिसणारी रेघ असते आणि तू ती ओलांडेपर्यंत मागनं नवीन सैनिक येतच राहतात. तू पाच मारलेस की पाच नवीन. त्यामुळं कितीजण मारले ह्याला तिथं काही किंमत नाही, तू किती पुढं सरकलास तेवढंच गेम बघतो. स्मोक ग्रेनेड असेल तर समोर टाक, धूर पसरायला दोन क्षण दे आणि मग पुढच्या आडोशापर्यंत सरळ पळ, स्क्रीन लाल झाली की खाली बस, तब्येत आपोआप भरते. असे दोन-तीन आडोसे पुढं गेलास की अचानक सगळं शांत होतं बघ, म्हणजे समजायचं रेघ ओलांडली.

पायाशी ग्रेनेड पडला तर त्याची खूण दिसते, तो उचलून परत फेकता येतो. हार्डन्डवर आणि त्याच्या वरच्या व्हेटरनवर निम्मे मृत्यू ग्रेनेडनंच होतात, म्हणून एका जागी चिकटून बसूच नकोस.

आणि हे मिशन अवघड आहे म्हणून गेम टाकू नकोस हां, कारण पुढं ऑल घिलीड अप म्हणून मिशन आहे, प्रिपयातचं, चेर्नोबिलच्या शेजारचं ते रिकामं शहर. तिथं सगळं उलटं होतं. इतका वेळ पळायला शिकवलेलं असतं आणि तिथं गवतात पालथं पडून राहायचं, सैनिकांची अख्खी रांग आणि गाड्या तुझ्या अंगावरनं गेल्यासारख्या जातात आणि तू हलायचं पण नाहीस. कॅप्टन मॅकमिलन पुढं असतो, तो थांब म्हटला की थांबायचं, झोप म्हटला की झोपायचं. सबटायटल चालू ठेव, त्याचं इंग्लिश स्कॉटिश वळणाचं आहे, ऐकून निम्मं कळत नाही. माझ्या मते आजवरच्या शूटर कॅम्पेनमध्ये ह्याच्या तोडीची मिशन्स हातावर मोजण्याइतकीच आहेत.

---

निपाणी_फाटा

ताईनं बरोबर सांगितलंय. मी जरा जुन्या काळातला, आमच्या कॉलेजच्या वेळी सायबर कॅफेत प्रोजेक्ट आयजीआय असायचं, २००० सालचं, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओनं केलेलं. त्यातला हिरो डेव्हिड जोन्स एकटा शत्रूच्या बेसमध्ये घुसायचा. त्यात मिशनच्या मध्ये सेव्हच नव्हतं! शेवटच्या दारापाशी मेलास तरी पहिल्यापासनं. २००३ च्या आयजीआय २ मध्ये सेव्ह आला, तोही मोजकाच. पण त्यामुळं व्हायचं काय की गोळी झाडायच्या आधी माणूस दुर्बिणीतनं सगळा बेस बघायचा, कॅमेरा कुठं, अलार्मचं बटन कुठं, कारण अलार्म वाजला की सगळा बेस अंगावर. मला अजून वाटतं की भारतात आमच्या पिढीला शूटर गेमचं वेड लावलं ते ह्याच गेमनं.

पण तुझी अडचण लाईटची आहे, तेव्हा तुला कुठंही सेव्ह करता येणारा गेम पाहिजे. माझं एकच उत्तर, हाफ-लाईफ २. २००४ चा, व्हॉल्व्ह कंपनीचा, तुझ्या लॅपटॉपवर आरामात पळेल. एफ६ दाबलं की सेव्ह, एफ९ दाबलं की परत तिथनं. फक्त एक कर, प्रत्येक गोळीला सेव्ह मारू नकोस. एक खोली, एक चकमक संपली की मगच मार. नाहीतर भीती राहत नाही आणि भीती गेली की कॅम्पेनमध्ये रस राहत नाही, मग अर्धवट सुटतं.

आता हाच का ते सांगतो. हा गेम तुला शिकवतो आणि शिकवलेलं तुला कळत पण नाही. थोडं पुढं गेलास की ग्रॅव्हिटी गन मिळते, वस्तू ओढून घ्यायची आणि जोरात फेकायची. हातात दिल्या-दिल्या लढाईत टाकत नाहीत, आधी तुझी साथीदार अ‍ॅलिक्स तुला तिच्या डॉग नावाच्या रोबोबरोबर झेलाझेली खेळायला लावते. हात बसला की मग रेव्हनहोम नावाचं ओसाड गाव. तिथं आत शिरल्या-शिरल्या एका दारात लाकूड कापायच्या करवतीचं गोल पातं भिंतीत रुतलेलं दिसतं आणि शेजारी मधोमध कापलेला झोंबी. कुणी काही बोलत नाही, स्क्रीनवर सूचना येत नाही. तू ते पातं ग्रॅव्हिटी गननं ओढून काढतोस आणि समोरनं दुसरा झोंबी येतो, काय करायचं ते तुझं तुलाच सुचतं. तिथनं पुढचं अख्खं गाव तू गोळ्या वाचवत पाती, पेंटचे डबे, गॅसच्या टाक्या फेकत पार करतोस. असं शिकवणं नंतरच्या शंभर-शंभर जीबीच्या गेममध्ये पण मला क्वचितच सापडलं, तिथं स्क्रीनवर हे बटन दाबा ते बटन दाबा असं येत राहतं.

आणि अख्ख्या गेममध्ये तुझ्या हातातनं कंट्रोल काढून घेऊन सिनेमा दाखवत नाहीत. गॉर्डन फ्रीमन, म्हणजे तू ज्याच्या भूमिकेत असतोस तो, एक शब्द बोलत नाही. लोक बोलत असतात आणि तू त्यांच्याभोवती फिरत ऐकतोस.

सुरुवातीला होडीचा एक लांबलचक भाग आहे, वॉटर हॅझर्ड, तिथं बरेचजण कंटाळून सोडतात. तो एका बैठकीत संपवून टाक. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेमला वीस वर्षं झाली तेव्हा अपडेट आला, एपिसोड वन आणि टू हे गोष्टीचे पुढचे भाग आता त्यातच मिळतात, आणि बनवणाऱ्यांची कॉमेंट्री पण घातलीय. कॉमेंट्री दुसऱ्यांदा खेळताना लाव, पहिल्यांदा नको.

---

टिळकवाडी_बॉईज

हाफ-लाईफ २ चांगलाच आहे अण्णा, पण त्यातले शत्रू मला जरा साधे वाटतात. खानापूरकर, तू व्हॅलोरंट खेळलेला आहेस, समोर माणूस असायची सवय तुला. तुला २००५ चा फिअर खेळायला पाहिजे, मोनोलिथचा. भुताटकीचा गेम म्हणून लोक लांब राहतात, पण त्यातली खरी मजा भुतात नाही, त्यातल्या सैनिकांत आहे. तू टेबलामागं लपलास तर एकजण समोरनं गोळीबार करत तुला अडकवून ठेवतो आणि दुसरा बाजूच्या खोलीतनं फिरून मागनं येतो. कपाट पाडून आडोसा करतात, खिडकीतनं उडी मारतात, ग्रेनेड टाकून तुला बाहेर काढतात.

ह्याच्या मागचं काम जेफ ऑर्किन ह्या प्रोग्रॅमरनं केलंय आणि त्यावर त्यानं २००६ मध्ये सविस्तर लिहून पण ठेवलंय. सैनिकाला आधीच लिहिलेला क्रम देत नाहीत, उद्देश देतात आणि करता येण्यासारख्या गोष्टींची यादी देतात, मग तो स्वतः त्यातनं रस्ता जुळवतो. दार बंद असलं तर लाथ मारायची, ते नाही जमलं तर खिडकी. आणि त्यांचं एकमेकांत ओरडणं, तो खांबामागं आहे, ग्रेनेड आला, वगैरे, त्यामुळं ते जास्तच हुशार वाटतात. प्रत्यक्षात ओरडणं पुष्कळदा नंतर चिकटवलेलं असतं, म्हणजे आधी दोघांनी आपापली जागा घेतली आणि मग गेमनं त्यांच्या तोंडी संवाद घातला. पण खेळताना अंगावर काटा येतो हे खरं. सेव्ह ह्यातही पाहिजे तिथं होतो.

आणि डिफिकल्टी सरळ हार्ड ठेव. नॉर्मलवर सैनिक लवकर मरतात, त्यांना डोकं चालवायला वेळच मिळत नाही, मग गेम कशासाठी नावाजलाय ते तुला कळणारच नाही.

---

शहापूरची_पोरगी

हार्ड हार्ड म्हणून सगळ्यांना सांगू नको रे. फिअरला तुझं म्हणणं लागू पडतं, सगळीकडं पडत नाही. पुष्कळ गेममध्ये हार्ड म्हणजे फक्त आकडे वाढवतात, शत्रूच्या गोळीनं जास्त लागतं आणि तुझी गोळी त्याला कमी लागते, बाकी तो तसाच बावळट. तिथं हार्डवर खेळून हातात काय येतं, एकाच माणसाला अख्खी मॅगझिन घालायची. पण मेट्रो नावाच्या शूटर गेममध्ये रेंजर म्हणून मोड आहे, तिथं तू पण दोन गोळ्यांत जातोस आणि समोरचा पण. नियमच बदलतो. मग अंधारात दिवे फोडत, हळू चालत जावं लागतं आणि गॅस मास्कचा फिल्टर किती उरलाय ते बघत राहावं लागतं. पहिल्या दोन मेट्रोत चांगल्या प्रतीच्या गोळ्या हेच चलन आहे, म्हणजे अडचणीत सापडलास तर अक्षरशः पैसे झाडायचे. असली हार्ड मला आवडते. मेट्रो तुझ्या लॅपटॉपला जड जाईल, पुढं-मागं पीसी घेतलास तर खेळ.

नवीन माणसानं पहिल्यांदा नॉर्मलवर पूर्ण करावं. त्यानं एक तरी कॅम्पेन संपवलेलं बघू दे, मग वाढवेल की. मॉडर्न वॉरफेअर पण खाली आणून रेग्युलरवर, म्हणजे त्यातल्या नॉर्मलवर, खेळलास तरी काही बिघडत नाही.

आणि ग्राफिक्स कार्डवाला पीसी मित्राकडं असेल तर त्याच्याकडं बसून टायटनफॉल २ संपव. २०१६ चा, रिस्पॉनचा, छोटंसं कॅम्पेन आहे, एका शनिवार-रविवारात होतं. बीटी नावाचा अवाढव्य रोबो आणि त्याचा पायलट कूपर. इफेक्ट अँड कॉज नावाच्या मिशनमध्ये मनगटावर एक यंत्र मिळतं, बटन दाबलं की तीच इमारत जुन्या काळात, चकाचक, पहारेकऱ्यांसकट, परत दाबलं की आत्ताची पडकी, जळालेली. समोर आग असली तर जुन्या काळात जाऊन पलीकडं चालायचं आणि परत यायचं, उडी मारताना हवेतच काळ बदलायचा. आणि एवढी भारी कल्पना एकाच मिशनमध्ये वापरून सोडून दिलीय, ताणत बसले नाहीत. दुसरीकडं ह्याच्यावर अख्खा गेम काढला असता.

---

टिळकवाडी_बॉईज

आकड्यांचं मान्य आहे. फिअर सोडून बाकी नॉर्मल, चालेल.

---

खानापूरचा_गडी

शहापूरच्या ताई, रेघेचं काम झालं! स्मोक टाकून पळालो आणि दुसऱ्या आडोशाला गेल्या-गेल्या शांत. प्रिपयातचं पण झालं, गवतात पडलो होतो तेव्हा खरंच श्वास रोखून बसलो होतो, आईनं जेवायला हाक मारली तर ओ पण दिली नाही.

आता हाफ-लाईफ २ सुरू केलाय, अण्णांनी सांगितलेल्या होडीपर्यंत आलोय, पण थोडा वेळ खेळलं की डोकं गरगरतंय, मळमळतंय. बीजीएमआयला असं कधी झालं नव्हतं. आणि डूमचं कुणी नाव काढलं नाही, तो माझ्या लॅपटॉपवर चालंल काय?

---

निपाणी_फाटा

होडीत बऱ्याचजणांना होतंय ते, घाबरायचं कारण नाही. बीजीएमआयमध्ये तुझा माणूस पुढं दिसत असतो, नजरेला धरायला काहीतरी असतं, इथं थेट डोळ्यांतनं बघणं, आणि वर हाफ-लाईफ २ मध्ये नजरेचा कोन मुळात अरुंद ठेवलाय, ७५. ऑप्शनमध्ये व्हिडिओत जाऊन फील्ड ऑफ व्ह्यू ९० कर. मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र पुसट होणं, चालू असेल तर बंद. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वर-खाली होत असतील तर रिझोल्यूशन कमी करून एकसारख्या येतील असं बघ, हलत्या फ्रेमनं जास्त त्रास होतो. स्क्रीनपासनं जरा मागं बस, खोलीत उजेड ठेव. गरगरायला लागलं की त्याच क्षणी एफ६ मारून ऊठ, तसंच रेटून खेळलास तर दुसऱ्या दिवशी नुसता गेम बघून मळमळतं.

डूम म्हणशील तर १९९३ चा मूळचा कशावरही चालतो. वर-खाली बघणं नाही, रंगीत किल्ल्या शोधायच्या, दारं उघडायची, आणि पळत-पळत लढायचं. २०१६ चा नवा डूम तुझ्या लॅपटॉपवर नीट चालणार नाही, पण कधी मिळाला तर सोडू नकोस. त्यात मॉडर्न वॉरफेअरच्या बरोबर उलटं आहे, आडोशाला बसून तब्येत भरत नाही. जखमी झालास तर पुढं जाऊन राक्षसाला हातानं मारायचं, त्याच्यातनं तब्येत मिळते, करवतीनं कापलं तर गोळ्या मिळतात. म्हणजे मरायला टेकलेला माणूस पळून न जाता गर्दीत घुसतो. भिंतीमागं बसायची सवय मोडायला ह्याच्यासारखं औषध नाही.

---

टिळकवाडी_बॉईज

फिअरला हात घालशील तेव्हा दोन गोष्टी. सेटिंगमध्ये सॉफ्ट शॅडो बंद ठेव, साध्या ग्राफिक्सला ते फार जड जातं आणि दिसण्यात काही विशेष फरक नाही. आणि नवीन विंडोजवर खेळता-खेळता फ्रेम पडत जातात, त्यात तुझ्या लॅपटॉपचा दोष नाही, गेम माऊस-कीबोर्ड ज्या जुन्या पद्धतीनं वाचतो त्याचा तो घोळ आहे. चाहत्यांनी केलेला छोटा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आहे, एक फाईल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची. हाफ-लाईफ संपला की इथंच सांग, लिंक देतो.