शब्दचर्चा: फर्टिलायझेशनला 'निषेचन', 'फलन' की अजून काही? आणि दोन पेशींच्या फ्यूजनला मराठीत काय म्हणायचं?

लातूरचा मास्तर:
मी नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. काल शुक्राणूवरची प्रोटीनं शिकवायलो होतो. एकानं वहीत 'निषेचन झाले' लिहिलं, दुसऱ्यानं 'फलन', एका पोरीनं 'गर्भधारणा', आणि तिघांना वाटतं आपण एकच गोष्ट लिहिली. मला ते पटत नाही, म्हणून विचारतोय.

शुक्राणूवरचं इझुमो-१ नावाचं प्रोटीन घ्या. माणसात त्याचं जनुक १९ व्या क्रोमोसोमवर आहे. जपानच्या ओसाकातल्या संशोधकांनी ते २००५ मधे जगापुढं आणलं आणि त्याला इझुमोच्या देवस्थानाचं नाव दिलं, तिथला देव लग्नं जुळवतो अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. हे जनुक काढलेल्या नर उंदराचे शुक्राणू दिसायला चांगले, पळतात चांगले, बीजांडाचं कवचसुद्धा पार करतात आणि मग आतल्या पडद्यापाशी जाऊन थांबतात ते थांबतातच. बीजांडाच्या बाजूनं इझुमोला धरणारं प्रोटीन जूनो, ते २०१४ मधे इंग्लंडमधे सापडलं, नाव रोमन लोकांच्या लग्नाच्या देवीचं. जूनो शोधणाऱ्यांनीच एका पेशीवर इझुमो आणि दुसरीवर जूनो बसवून बघितलं तर पेशी एकमेकींना धरून राहिल्या पण त्यांची एक पेशी झाली नाही. म्हणजे बाइंडिंग वेगळं आणि फ्यूजन वेगळं. मराठीत दोन्हीला 'संयोग' म्हणून मोकळं होतात, त्यात सगळा धडाच बुडतो.

परभणीकर:
सर, निषेचनाचं आधी बघू. यातला धातू सिच्, म्हणजे शिंपणे, ओतणे. आपल्या सिंचनातला तोच. गर्भाधान संस्काराला जुन्या ग्रंथांत 'निषेक' म्हणायचे तो पण इथूनच आला. म्हणजे शब्द फक्त ओतण्याबद्दल बोलतो, रानात पाणी सोडलं एवढंच, बी उगवलं का नाही त्याच्याशी त्याला घेणं नाही. हिंदी पुस्तकांमुळं तो आपल्या पोरांच्या तोंडी बसलाय. माझं मत स्पष्ट आहे, फर्टिलायझेशनला फलनच म्हणा.

कंधारचा भाऊ:
मी जनावरांच्या दवाखान्यात आहे, लालकंधारी आणि देवणी गायी रोजच्या. आमच्याकडं याला कुणी संयोग म्हणत नाही पण पायऱ्या मात्र सगळ्यांना पाठ आहेत. गाय माजावर आली, भरवली, मग २१ दिवस वाट बघायची. परत माजावर आली तर 'उलटली', नाही आली तर पुढं तपासून 'गाभण'. भरवणं म्हणजे कृत्रिम रेतन, परभणीकरांचं निषेचन इथं फिट बसतं. फलनाला मात्र आमच्यात शब्द नाही कारण ते कुणाला दिसत नाही, दिसतं ते एकदम गाभण. आणि तुमच्या पोरीची 'गर्भधारणा' फलनाच्या पुढची, गर्भ पिशवीत रुजल्यावरची. तिला तेवढा फरक सांगा.

अंबाजोगाईची ताई:
सर, तुमचा शब्द स्वयंपाकघरात आहे. एकजीव. पुरण करताना बघा, शिजलेल्या डाळीत गूळ टाकला की आधी तो डाळीला नुसता चिकटतो, डाळ वेगळी दिसते, गूळ वेगळा दिसतो. आटवून घोटून झालं की मग यातली डाळ कोणती न गूळ कोणता हे सांगता येत नाही, तेव्हा आपण म्हणतो पुरण एकजीव झालं. बाइंडिंगला बिलगणं किंवा चिकटणं आणि फ्यूजनला एकजीव होणं. दोन पेशींचा खरंच एक जीव होतो, याहून नेमका शब्द कुठून आणणार?

अजून एक मनापासून सांगते. मी लॅबमधे सिमेन, म्हणजे वीर्य तपासते. १ मिलीलीटरमधे १ कोटी ६० लाखाच्या वर शुक्राणू, हालचाल चांगली, आकार बरा, की रिपोर्ट नॉर्मल जातो. इझुमोसारखं प्रोटीन आहे का नाही हे त्या काचेवर दिसत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे बाईकडं बघतात आणि 'वांझ' शब्द निघतो. पुरुषाला तसा शब्दच नाही, जो आहे तो 'नपुंसक', आणि तो साफ चूक, त्याचा अर्थ वेगळाच. २००९ मधे इराणमधल्या कुटुंबांत मूल न होणाऱ्या पुरुषांच्या कॅटस्पर-१ या जनुकात बिघाड सापडला. त्यानं शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शियमची वाट बनते. त्या पुरुषांना नपुंसक म्हणणार का?

लातूरचा मास्तर:
ताई, एकजीव घेतला. उद्या फळ्यावर असं लिहिणार: 'इझुमो आधी शुक्राणूच्या डोक्यावरच्या टोपीत लपलेलं असतं, टोपी फुटली की वर येतं, जूनोला बिलगतं, मग दोन्ही पेशी एकजीव होतात, ते फलन.' आणि पुढं जूनो अर्ध्या-पाऊण तासात बीजांडावरून गळून जातं, म्हणजे मागून आलेल्याला बिलगायला जागा उरत नाही. २०२४ मधे कळलं की इझुमो एकटं नसतं, स्पाका-६ आणि टीमेम-८१ ही शुक्राणूवरचीच अजून दोन प्रोटीनं मिळून तिघांचा गठ्ठा बनतो, तेही 'बिलगणं' या शब्दातच बसतं.

पुरुषासाठीच्या शब्दाला उत्तर माझ्याकडं नाही. 'शुक्राणूदोष' सुचतोय, पण दोष म्हणलं की परत माणसावर बोट जातं. परभणीकर, तुम्ही बघा.

परभणीकर:
बघतो. 'फलनबाधा' कसं वाटतं? बाई-पुरुष दोघांना एकच शब्द चालेल.