मक्याचं इथेनॉल बंद करा, काडापासून करा. पटतंय का?

हिरवाकंदील: माणसाच्या नाहीतर जनावराच्या पोटात जायचा मका गाडीच्या टाकीत ओतणं मला अजिबात पटत नाही. कणसं काढल्यावर मागे ताटं राहतात, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं बगॅस (रस काढून उरलेलं चिपाड) आहेच, या सगळ्यात साखरच असते, फक्त सेल्युलोजमध्ये, म्हणजे काडाच्या तंतूत जखडलेली. एन्झाइम लावून ती सोडवायची, यीस्टला द्यायची की झालं इथेनॉल, आणि उरलेलं लिग्निन (काडाला कडक करणारा भाग) बॉयलरमध्ये जाळलं की डिस्टिलेशनची वाफही त्यातूनच निघते. वेगळी जमीन लागत नाही. मग सगळा जोर यावरच का नको?

रसायनी: अहो, "सोडवायची" म्हणालात ना, खरी मारामारी तिथेच आहे. सेल्युलोजच्या भोवती हेमिसेल्युलोज (त्याच्यासारखाच, साखरेच्याच साखळ्यांचा पदार्थ) आणि लिग्निन घट्ट बसलेलं असतं, ते सैल करायला आधी वाफ नाहीतर आम्ल लागतं आणि तिथे जरा जास्त तापलं की फरफ्युरल नावाचं यीस्टला मारक रसायन तयार होतं, मग यीस्टच ढेपाळतं. हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची साखर सुटते ती नेहमीचं यीस्ट खातच नाही, जनुकं बदललेलं आणावं लागतं. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात २०२२ साठी १६०० कोटी गॅलन सेल्युलोजिक इंधनाचं टार्गेट ठेवलं होतं, त्याच्या आसपाससुद्धा कोणी पोचलं नाही. ड्युपाँट कंपनीने तिथल्याच आयोवा राज्यात २०१५ ला असाच एवढा मोठा प्लांट उघडला, २०१७ ला विकायला काढला.

बॉयलरवाला: +१. आणि रसायन जमलं तरी माल आणायचा कसा ते बोला. काडाच्या गठ्ठ्यात वजन कमी, जागा जास्त, ट्रक भरतो पण टन भरत नाहीत. माल येतो सुगीच्या थोड्या दिवसांत, प्लांट चालवायचा वर्षभर, तोवर गंजी भिजते, कुजते, कधी पेटते. गठ्ठ्यांबरोबर माती आणि खडे येतात, ते पंप आणि व्हॉल्व्ह खाऊन टाकतात.

हिरवाकंदील: मान्य, पण मग जिथे माल आधीच गोळा झालेला आहे तिथून सुरुवात करा ना! बगॅस कारखान्यातच पडतं, गाळप होऊनच येतं. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात साखर कारखान्याला खेटून असे प्लांट उभे राहिलेत. आणि पेंढा तर कित्येक ठिकाणी शेतातच पेटवून देतात, त्या धुरापेक्षा इथेनॉल शंभर पटीने बरं.

बॉयलरवाला: बगॅस फुकट पडलेलं नसतं, त्याच्यावरच कारखान्याचा बॉयलर आणि वीज चालते. ते इथेनॉलला दिलं तर वाफेला काय जाळणार? लिग्निनवर सगळं भागेलच असं नाही.

काळीमाती: आणि जमिनीचं काय?? काड उचललं की सेंद्रिय कर्ब गेला, पालाश गेलं, उघड्या मातीवर पाऊस पडला की ती वाहून जाते. चाऱ्याचं तर कोणी बोललंच नाही. सगळं उचलू नका, निम्म्याहून जास्त शेतातच राहू दे.

हिरवाकंदील: काळीमाती, तुमचं शंभर टक्के बरोबर, जाळतात तेवढंच उचला म्हणतो मी. पण म्हणून मका जाळत राहायचा का? त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

रसायनी: उत्तर देतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मका असो की काड, छोट्या गाड्यांसाठी दोन्ही नकोत, त्या विजेवर जाऊ द्या. काडाचं इथेनॉल करायचंच तर विमानाच्या इंधनासाठी करा, तिथे बॅटरी चालत नाही.