ओसाकात जाहिरातीचा धावपटू शहराची ओळख कसा बनला?

प्रश्न

जपानमधील ओसाका शहराच्या छायाचित्रांत दोतोनबोरी कालव्याकाठी दोन्ही हात उंचावून धावणारा ग्लिको कंपनीचा धावपटू हमखास दिसतो. एका कॅरॅमल गोळीत ३०० मीटर धावण्याइतकी ऊर्जा आहे, एवढेच सांगण्यासाठी काढलेले हे चित्र आज तिथल्या किल्ल्याच्या पंक्तीला जाऊन बसले आहे. खासगी कंपनीच्या जाहिरातीला एखादे शहर आपले का मानू लागते? केवळ ती जुनी आहे म्हणून?

प्रतिसाद १

फलक म्हणून पाहिले तर तो जुना नाहीच. पहिला फलक १९३५ साली उभारला गेला, युद्धकाळात लोखंडासाठी उतरवला गेला आणि १९५५ साली पुन्हा आला. सध्याचा एलईडी दिव्यांचा फलक २०१४ सालचा, म्हणजे सहावा आहे. टिकून राहिली ती जागा आणि धावपटूची ढब. समोरच्या एबिसू पुलावर लोक एकमेकांना भेटायला बोलावतात, पर्यटक एक पाय उचलून त्याच्यासारखेच उभे राहतात आणि हानशिन टायगर्स हा बेसबॉल संघ जिंकला की उत्साही चाहते तिथूनच कालव्यात उड्या मारतात. लोकांचा असा राबता नसता, तर तो फलक कितीही वर्षे उभा राहिला असता तरी जाहिरातच राहिला असता.

प्रतिसाद २

याच रस्त्यावरचा कुइदाओरे तारो अधिक बोलका दाखला आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख, टोकदार टोपी आणि गोल चष्मा घातलेला, ढोल वाजवणारा हा यांत्रिक बाहुला एका उपाहारगृहाच्या दारात उभा असे. ते उपाहारगृह २००८ साली बंद पडले. बाहुला मात्र लोकांच्या आग्रहास्तव पुन्हा तिथेच आला. विकायला काही उरले नाही, तरी विक्रेता कामावर हजर!

केएफसी या चिकन विकणाऱ्या उपाहारगृह-साखळीचा दाढीवाला चेहरा असलेल्या कर्नल सँडर्सचे प्रकरण तर त्याहून मासलेवाईक आहे. १९८५ साली टायगर्सच्या विजयाच्या जल्लोषात चाहत्यांनी, संघातील दाढीवाल्या रँडी बास या अमेरिकी खेळाडूचा प्रतिनिधी म्हणून, केएफसीच्या दारातील कर्नलचा पुतळा उचलून कालव्यात टाकला. पुढे संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळेना, तेव्हा त्याचे खापर ‘कर्नलच्या शापा’वर फुटू लागले. पुतळा २००९ साली गाळातून निघाला, विजेतेपद मिळायला मात्र २०२३ साल उजाडले.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसाद पटले, पण ही आपुलकी फुकटची नाही, हेही नोंदवायला हवे. गर्दीमुळे फलकाचे मोल वाढते आणि म्हणूनच कंपनी तो पुनःपुन्हा नव्याने उभारते. उलट, मुंबईत १९४६ साली जन्मलेला एअर इंडियाचा महाराजा किंवा १९६६ पासून तिथल्या फलकांवर झळकणारी अमूलची मुलगी यांना अवघ्या देशाने आपले मानले; मात्र त्यांना एकच एक ठिकाण नसल्यामुळे, माझ्या मते, ती मुंबईची खूण कधीच झाली नाहीत.