ठसे होकुसाईने कोरले नव्हते

वर कुणीतरी म्हटलंय की जपानी चित्रकार होकुसाईने ‘द ग्रेट वेव्ह’ या छापचित्रातली ती प्रसिद्ध लाट लाकडात स्वतः कोरली, तर तसं नाहीये. तरुणपणी तो कोरीवकाम शिकला होता हे खरं, पण १८३१ च्या आसपास ही लाट आली तेव्हा कामाची वाटणी ठरलेली असायची, चित्रकार फक्त पातळ कागदावर शाईने चित्र काढून द्यायचा, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरायचा आणि त्यात मूळ चित्र चक्क नष्ट व्हायचं! छापणारा तिसराच, आणि पैसे लावणारा प्रकाशक चौथा.

मला जास्त भारी वाटतं ते केंतो, म्हणजे कागद जागेवर बसवायच्या खुणा. फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच, बस्स. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, पण कागद दरवेळी त्याच खाचांना टेकवला की रंग बरोब्बर जागेवर बसतात, मशीन वगैरे काही नाही, बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती घेऊन हाताने घासायचं. १७६५ ला चित्रकार हारुनोबूच्या काळात भरपूर रंगांची छपाई सुरू झाली ती याच्याच जोरावर.

आणि हो, लाटेतला निळा म्हणजे प्रशियन ब्लू, बाहेरून आलेला रंग. छापून छापून ठसा झिजायचा, त्यामुळे नंतरच्या प्रतींत डावीकडच्या नावाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते. म्युझियममध्ये बघायला मिळाली तर आधी तिथे बघा, लाट नंतर.