मदत हवी आहे: १८ हजारात पहिली एमटीबी (खडबडीत रस्त्याची माउंटन बाइक), सातारा, यवतेश्वर घाट

जाईजुई_सातारा

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी शेवटची सायकल चालवली अकरावीत, तीही बहिणीची, पुढे टोपलीवाली. आता वय ३९, उंची ५ फूट २ इंच, वजन ६१. घर शाहूपुरीकडे, नोकरी पोवई नाक्याजवळ. सकाळी पावणेसहा ते सव्वासात हा दीड तास माझा, बाकीचा दिवस घराचा आणि साहेबांचा. रोज थोडं चालवायचं, रविवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढायचा आणि कधीतरी कासपर्यंत पोहोचायचं, एवढंच स्वप्न आहे. माहेरी गेले की शेतावर जायला ४ किमी कच्चा रस्ता आहे, तिथेही न्यायची आहे.

बजेट १८ हजार. यात हेल्मेटबिल्मेट सगळं आलं. घरून ‘दोन महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत पडतील’ हे ऐकून झालंय, त्यामुळे एक रुपयाही वर मागता येणार नाही.

तीन पर्याय दिसतायत.

१. इथल्याच दुकानातली डबल शॉकर (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी स्प्रिंग), पुढे-मागे डिस्क ब्रेक, २१ गिअर, ११,५००. दिसायला जबरदस्त. दुकानदार म्हणाला, घाटाला डबल शॉकरच लागतो.
२. पुण्याच्या शोरूममधली नामवंत कंपनीची, फक्त पुढे शॉकर, अॅल्युमिनियम फ्रेम, १७,५००. फोटोच पाहिलाय.
३. पुण्यातल्याच एका इंजिनिअरची चार वर्षं वापरलेली, २७.५ इंची चाक, हायड्रॉलिक ब्रेक, एम साइज. नवी असताना चाळीसच्या पुढची होती म्हणे, आता १५ हजारांना देतोय.

मन तिसऱ्यावर जातंय, डोळे पहिल्यावर. काय करू?

आऊटकाढ्या

पहिला पर्याय कागदावरून खोडून टाका, मग बोलू.

डबल शॉकर वाईट नसतो, पण चांगला मागचा शॉकर एकटाच तुमच्या सगळ्या बजेटच्या पुढे जातो. साडेअकरा हजारात मिळते ती नुसती स्प्रिंग. चढावर पायडल मारलं की ती दबते, सोडलं की उसळते. तुमची निम्मी ताकद गादी उड्या मारण्यात जाणार. त्यात लोखंडी फ्रेम, म्हणजे वजन सहज १८ किलोच्या आसपास. मागच्या सांध्यातले बुश एका पावसाळ्यात खुळखुळे होतात आणि मग मागचं चाक आपल्या मनाने डावीउजवीकडे डुलतं. तीच डुलणारी सायकल घेऊन तुम्ही घाट उतरणार. नको.

सज्जनगड_फाटा

ताई, मी पण सातारचाच. लई स्पष्ट विचारतो, राग मानू नका. एमटीबी कशाला? घाट डांबरी, कासपर्यंत रस्ता डांबरी. हायब्रिड घ्या, बारीक टायर, हलकी चालते. जाड टायर घेऊन डांबरावर चालवणं म्हणजे गमबूट घालून पळण्यासारखं आहे बघा.

जाईजुई_सातारा

राग कसला. पण माहेरचा कच्चा रस्ता आहे आणि जुलैत आपल्या डांबराचं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. इतक्या वर्षांनी बसणार, खड्ड्यात बारीक टायर गेला तर मी सायकल तिथेच सोडून रिक्षाने घरी येईन.

आऊटकाढ्या

रास्त आहे. टायर बदलता येतो, फ्रेम नाही. पुढे शॉकर असलेली साधी एमटीबी घ्या, कंपनीचे खडबडीत टायर झिजले की मधे गुळगुळीत आणि कडेला नक्षी असलेले टाका. तोवर डांबरावर हवा जरा चढी ठेवा, टायरच्या कडेला कमीतकमी-जास्तीतजास्त आकडा छापलेला असतो त्यात वरच्या बाजूला. कच्च्यावर जाताना थोडी सोडायची.

आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पंपावरच्या पोराला ‘हळू’ सांगा, नाहीतर ट्यूब फुटते.

दातमोजणी

सगळे शॉकर आणि ब्रेकवर बोलताय, घाट चढणार आहे तो गिअरने. आणि ‘२१ गिअर’ ऐकून काही कळत नाही. दात मोजायचे असतात.

सव्वीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण २ मीटर, नेमकं सांगायचं तर २.०५ धरू. आता पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे दात, आणि त्याला या २.०५ ने गुणा. पुढे २४, मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी सव्वासहा किमीच्या जरा वर. म्हणजे झपझप चालण्याचा वेग, पण बसून.

पुढे २४ ऐवजी २८ असेल (४८-३८-२८ चा संच असतो तो) तर एका फेऱ्यात दोन मीटर, तेवढ्याच फेऱ्यांना ताशी सव्वासात किमीच्या वर. फरक किरकोळ वाटतो. तिसऱ्या वळणावर वाटत नाही. मागे ३४ दातांची मोठी चक्री मिळाली तर सोनं, वेग सव्वापाचवर येतो आणि गुडघे आशीर्वाद देतात.

आजोबांच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ मागे १८ असायचे, एका फेऱ्यात सव्वापाच मीटरच्या वर. सपाटीला छान, चढाला उतरून ढकलायची. आपल्याला तसं ढकलायचं नाहीये.

सध्या पुढे एकच चक्री द्यायची फॅशन आहे. महागड्या सायकलीत मागे ५०-५२ दातांपर्यंत चक्री असते म्हणून ते जमतं. स्वस्तात पुढे एक आणि मागे तीच जुनी २८ वाली असते. पर्याय क्रमांक २ चा फोटो नीट बघा, पुढे किती चक्र्या आहेत?

जाईजुई_सातारा

बघितला. एकच आहे. 😐 शोरूमला फोन केला, म्हणाले ‘मॅडम, सिंगल इज लेटेस्ट’. दात विचारले तर शांतता. मग कोणीतरी मोजून सांगितलं, पुढे ३६, मागे २८.

दातमोजणी

म्हणजे एका फेऱ्यात २.६ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी साडेनऊ. यवतेश्वरच्या चढावर पहिल्या महिन्यात साडेनऊने कोण जातं? सायकल चांगली असेल, तुमच्या कामाची नाही.

उंचमाझाझोका

ताई, मी पण ५ फूट २. तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. एम साइज तुम्हाला मोठी होईल. मी अशीच स्वस्तात मिळाली म्हणून मोठी फ्रेम घेतली होती. सीट खाली केली की बसता येतं, असं सगळे पुरुष सांगतात. पण प्रश्न सीटचा नसतो, हँडलचा असतो. हात ताणून ताणून दोन आठवड्यांत मान आणि खांदे गेले, तळहाताला मुंग्या. आणि सिग्नलला एकदम थांबायची वेळ आली की दांडी कुठे लागते ते लिहीत नाही.

घरी एक करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, जाड पुस्तक पायांमध्ये घट्ट वर सरकवा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर दांडी या मापापेक्षा निदान दोन इंच खाली हवी. आपल्या उंचीला बहुतेक १५ इंची फ्रेम किंवा एस बसते. दुकानात सरसकट १७-१८ इंची उभ्या असतात, ‘हीच चालते सगळ्यांना’ म्हणतात. सगळ्यांना म्हणजे त्यांच्या पुतण्याला.

आऊटकाढ्या

+१. तरीही कोणाला जुनी घ्यायची असेल तर शाळेची १२ इंची फूटपट्टी खिशात न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, ताणून धरा. नव्या चेनमध्ये बरोब्बर १२ इंचावर पिनचा मध्य येतो. १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला आली. १/८ गेला असेल तर मागच्या चक्र्याही गेल्या, तेवढे पैसे किमतीतून कापा. मग चाक उचलून फिरवा, आऊट किती आहे, म्हणजे सरळ न फिरता डावीउजवीकडे किती डुलतं, ते बघा. फ्रेमच्या जोडांपाशी, विशेषतः हँडलच्या खालच्या नळीला, रंगात केसासारखी रेघ दिसली तर नमस्कार करून परत या.

हायड्रॉलिक ब्रेक मस्तच, दोन बोटांत थांबतात. पण त्यातलं तेल बदलून हवा काढून देणारा माणूस तुमच्या गावात आहे का ते आधी शोधा. साधा व्ही ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारा) कोणताही सायकलवाला पाना घेऊन बसतो आणि नीट करतो, रबरं स्वस्त. पावसात सुरुवातीला तो नुसता पाणी पुसतो, मग धरतो, एवढं लक्षात ठेवा.

पाथरवट

अवांतर आहे, पण कास म्हटलं म्हणून. एमटीबी आहे म्हणून पठारावर घालू नका. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कासही आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो, त्यातच ती फुलं. टायरची एक रेघ पुढच्या पावसापर्यंत दिसते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग असते, तेव्हा फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार सोडून जा.

सज्जनगड_फाटा

उतरताना ब्रेक धरूनच ठेवायचा नाही ताई, धरायचा-सोडायचा. दोन्ही ब्रेक. नुसता पुढचा दाबला की हँडलवरून रपकन पुढं. माझा दात बघायला या कधी.

जाईजुई_सातारा

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, माफी.

पुस्तकाने मापलं, ७३ सेंमी. इंजिनिअरला फोन करून दांडीची उंची विचारली, ७५ निघाली. तो भला माणूस स्वतःच म्हणाला, ‘ताई, तुम्ही नका घेऊ.’

मग साताऱ्यातलीच तीन दुकानं फिरले. दोन ठिकाणी दात मोजायला खाली बसले तर पोरं हसली. तिसरीकडच्या काकांनी स्वतः बोट लावून मोजून दिले, पुढे ४२-३४-२४, मागे १४ ते २८. १५ इंची अॅल्युमिनियम, सव्वीसचं चाक, पुढे साधा शॉकर, व्ही ब्रेक. रंग मला न आवडणारा पोपटी, कारण लहान मापात तोच होता. १४,२००. काकांनी समोर दोन्ही चाकांचा आऊट काढला, ब्रेकच्या केबल ताणल्या आणि एक महिन्याने परत आणा म्हणाले, नवे आरे सैल होतात म्हणे.

हेल्मेट १,३५०, हातपंप ५५०, जादा ट्यूब आणि पान्यांचा जुडगा ४८०, पुढचा-मागचा दिवा ६००, कुलूप ३००. एकूण १७,४८०. ५२० उरले, त्याचे कंदी पेढे आणून टॉवेलवाल्यांचं तोंड बंद केलं.

काल घाटात गेले. २४-२८ वर, दातमोजणींनी सांगितलेल्या वेगापेक्षाही हळू. एक आजोबा चालत पुढे गेले आणि मागे वळून ‘या या’ म्हणाले. दोनदा थांबले, शेवटच्या चढाला उतरून ढकलली. यवतेश्वरला पोहोचले.

आता एक शंका. उभं राहून पायडल मारलं की उजव्या बाजूने दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ वाजतं. बसून मारलं की नाही. काकांकडे न्यायच्या आधी मी काही बघू शकते का?

आऊटकाढ्या

आधी उजवं पायडल घट्ट आहे का बघा, १५ चा पाना लागतो. उजवं पायडल घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं, डावं उलट्या दिशेने. काढून आट्यांवर थोडं ग्रीस लावून परत बसवा. तरीही वाजलं तर पायडलचा दांडा जिथे बसतो तिथला बोल्ट सैल असू शकतो, तो मात्र काकांनाच आवळू द्या. तोवर चालवू नका. सैल राहून चाललं तर आतलं चौकोनी भोक गोल होतं आणि मग अख्खा दांडा बदलावा लागतो.