ड्रेसिंगसमोर मखमली पफी नकोच! सुट्या गादीचं लाकडी स्टूल घ्या

गोदाकाठ (मूळ पोस्ट)

ड्रेसिंग टेबलासमोर किंवा कपाटांच्या खोलीत ठेवायला सध्या सगळीकडे एकच वस्तू घेतली जाते: सोनेरी पायांची, मखमल चढवलेली गोल पफी. मराठवाड्यातल्या घरासाठी ही निवड चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण तेल आणि धूळ. या जागेवर बसून केसांना तेल लागतं, पावडर लागते, कुंकू सांडतं. उन्हाळ्यातली बारीक धूळ मखमलीच्या लवेत बसते आणि तेलात चिकटून काळी पडते. कव्हर पिना मारून पक्कं केलेलं असल्यामुळे धुता येत नाही. ओल्या फडक्याने पुसलं तर बोअरचं जड पाणी वाळून पांढरट वर्तुळ उमटतं. दुसरं कारण पाय. स्वस्त पफीचे पाय लोखंडी असतात, वर पातळ मुलामा असतो. फरशी पुसताना रबरी बुचात पाणी शिरतं, तिथूनच गंज धरतो आणि फरशीवर तांबडा गोल डाग पडतो.

त्यापेक्षा सागाचं किंवा शिसवीचं साधं स्टूल करून घ्या. बैठक 16 बाय 16 इंच, वर नाड्यांनी बांधलेली सुटी गादी, तिला चेन असलेले दोन अभ्रे. एक धुण्यात, एक वापरात. शोभा आणायची ती अभ्र्यातून आणा.

सुईदोरा

ताई, दोष मखमलीचा नाही, बांधणीचा आहे. सुटी गादी दिसायला नेहमीच ढिली दिसते. आणि बसताना साडी किंवा ड्रेस सावरत माणूस थोडं सरकतो, त्याबरोबर गादीही सरकते. नाड्या दोन बाजूंनाच असतील तर महिन्याभरात शिवणीतून उसवतात.

तिसरा मार्ग आहे, तो लोक विसरतात. बैठकीची सुटी फळी. 12 मिमी प्लायचा तुकडा चौकटीच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी सुमारे 3 मिमी कमी कापायचा, कारण कापडाची जाडी तिथे मावायला हवी. त्यावर 40 डेन्सिटीचा, म्हणजे घट्ट, 2 इंच फोम, वर 1 इंच मऊ फोम, मग मांजरपाटाचं अस्तर, मग शोभेचं कापड. कापड खालून एकेक इंचावर पिन मारून ताणायचं. ही फळी चौकटीत बसवून खालून चार स्क्रू. मळली की स्क्रू काढा, पिना उपसा, नवीन कापड चढवा. 16 इंची बैठकीला 26 ते 27 इंच चौरस कापड लागतं. 54 इंच पन्ह्याचं पाऊण मीटर घेतलं तर दोन बैठका निघतात, म्हणजे पुढच्या वेळचं कापड आत्ताच घरात.

हिमरू लावायचा मोह होणाऱ्यांना एक सांगते. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं हे कापड ड्रेसिंगला फार शोभतं. पण त्याच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात. फोमवर थेट ताणलं तर ते धागे घासून तुटतात आणि वरची बुट्टी विरळ होते. म्हणून मागे अस्तर हवंच, आणि पिना मारायच्या आधी बुट्टी बैठकीच्या बरोबर मध्यावर आली का ते पाहा. रोज अर्धा तास बसायची जागा असेल तर हिमरू बाजूच्या पट्टीला लावा, बसायच्या भागाला जाड सुती कापड.

रंधा

सुईदोरा ताईंच्या फळीशी सहमत. पण कापडावर एवढी चर्चा आणि लाकडावर एक ओळ, हे काही बरोबर नाही.

नवीन स्टूल उन्हाळ्यात कुरकुरायला लागतं त्याचं कारण ओलं लाकूड. पावसाळ्यात घेतलेलं, नीट न वाळवलेलं लाकूड एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसतं आणि कुसवाचा जोड, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा, ढिला होतो. मग खिळा ठोकतात, त्याने लाकूड तडकतं. सांध्यात फेव्हिकॉल आणि आतल्या चारही कोपऱ्यांत तिरके ठोकळे स्क्रूने बसवून घ्या. पाय दीड इंच जाडीचे पुरतात. सालीलगतचं पांढरं लाकूड पायात येऊ देऊ नका, भुंगा आधी तेच पोखरतो.

गोदाकाठ ताई, शहाबादी फरशी असलेल्या घरात चार पायांचं स्टूल डुगडुगणारच, ती फरशी एका पातळीत नसते. तीन पायांचं डुगडुगत नाही, पण कडेला वजन पडलं की कलंडतं. जोडे घालायला माणूस बाजूला वाकतो, तिथे तीन पाय धोक्याचे. चार पायच ठेवा आणि दोन पायांखाली फिरवून उंची बदलणारे स्क्रूचे बूट लावा.

बालाघाट

तुम्ही सगळे मोठ्या घरांचं बोलताय. लातूर-नांदेडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ड्रेसिंग बेडरूमच्या कोपऱ्यात असतं. तिथे पेटीची पफीच उपयोगाची. झाकण उघडलं की आत ड्रायर, बांगड्यांचे डबे, रबरं, क्लिपा, सगळं मावतं. नुसतं स्टूल म्हणजे दीड फूट जागा वाया.

गोदाकाठ

दादा, साठवणीची गरज मान्य आहे, पण पेटीची पफी ड्रेसिंगसमोर बसायला सगळ्यात गैरसोयीची. तिला पाय नसतात. माणूस आरशाकडे झुकतो तेव्हा टाचा बैठकीखाली मागे घेतो. पेटीत टाचेला जागाच नाही, म्हणून पाय पुढे राहतात आणि सगळा ताण कंबरेवर येतो. काजळ लावताना पाठ दुखते ती यामुळे.

पेटीच हवी असेल तर सुताराला सांगून खालची 4 इंच उंची, चारही बाजूंनी 3 इंच आत घ्यायला लावा. आणि जी वस्तू रोज लागते ती आत ठेवू नका, प्रत्येक वेळी उठावं लागतं.

बालाघाट

हाव, हे आत घ्यायचं पटलं. पण बाहेर 16 इंच असेल तर 3 इंच आत गेल्यावर बुडाला 10 इंचच उरतात. कडेला बसलं की उलटणार. आणि झाकण वजनदार असतं.

रंधा

बरोबर पकडलंत. चारही बाजूंनी नको, फक्त मागच्या आणि पुढच्या बाजूने 2-2 इंच, आणि पेटी 20 इंच लांब. बुडाला 18 मिमी प्लाय टाकला की वजन खाली राहतं. पेटीला भुशाचा बोर्ड वापरू नका, बिजागरीचे स्क्रू त्यात टिकत नाहीत. वाळवीचा त्रास असलेल्या तळमजल्यावर बूड जमिनीला टेकू नये, खाली पाऊण इंचाचे रबरी बूट द्या.

माप-टेप

उंचीवर कुणीच बोललं नाही, आणि बहुतेक बैठका तिथेच फसतात.

टेबलाची वरची उंची 30 इंच आणि खाली 5 इंची ड्रॉवर असेल तर वरच्या फळीची जाडी धरून ड्रॉवरचं बूड सुमारे 24 इंचांवर येतं. मांडीला 6 ते 7 इंच लागतात. म्हणजे बसल्यावर बैठक 17 इंचांच्या वर गेली की गुडघे ड्रॉवरला घासणार. फोम बसल्यावर दबतो, त्यामुळे रिकाम्या स्टुलाची उंची मोजून फसू नका, बसून मोजा. तेही अनवाणी, कारण ड्रेसिंगपुढे कुणी चप्पल घालून बसत नाही.

कपाटांच्या मधल्या जागेत ठेवायची असेल तर वेगळा हिशेब. कपाटाचं दार साधारण 18 इंच उघडतं. दोन्ही बाजूंना कपाटं आणि मधे 3 फुटांची वाट असेल तर मधे काहीही ठेवू नका, दार अडणार आणि रात्री पाय आपटणार. 16 इंची बैठकीला किमान साडेचार फूट वाट हवी. बाहेर फाकलेले तिरके पाय अशा वाटेत टाळाच.

सुईदोरा

17 इंच हे तरुणांचं माप झालं. घरात गुडघेदुखी असलेली आजी असेल तर तिला 18-19 इंचांखालून उठता येत नाही. जोडवी, पैंजण घालायला तीही त्याच जागी बसते.

माप-टेप

तिच्यासाठी ड्रेसिंगचं स्टूल उंच करू नका, गुडघे अडकतील. तिची बैठक वेगळी: कपाटाशेजारी भिंतीला टेकवून, 18 इंची, दोन्ही बाजूंना हात असलेली, कडक फोमची. फोम मऊ असेल तर उंची असूनही उठता येत नाही. हात बैठकीपासून 8 इंच वर घ्या, आणि पुढचे दोन्ही पाय सरळ ठेवा म्हणजे हातावर जोर दिला तरी खुर्ची पुढे झुकणार नाही.