आजाऱ्याने "मला बरं नाही" म्हणणं म्हणजे अविश्वास का?

शांतीवन

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्याकडच्या घरगुती प्रार्थना सभांमध्ये सध्या एक शिकवण जोर धरते आहे. आजारी माणसाने "ताप आहे", "दुखतंय" असं तोंडाने म्हणायचं नाही, म्हटलं तर आजार स्वीकारल्यासारखं होतं. त्याऐवजी "मी बरा झालो आहे" असं जाहीर करत राहायचं. प्रार्थनेत कुणी "प्रभू, तुझी इच्छा असेल तर" म्हटलं की लगेच टोकतात. आधाराला नीतिसूत्रे १८:२१ (जिभेच्या हाती जीवन-मरण), मार्क ११:२३ (विश्वासाने सांगितलं तर डोंगर हलेल) आणि रोमकरांस ४:१७ (जे नाही त्याला आहे असं म्हणणं). वयस्कर मंडळी गोंधळली आहेत, काहीजण डॉक्टरांनाही लक्षणं सांगायला कचरतात.

ही वचनं खरंच असं शिकवतात का? आणि नसतील, तर आजाऱ्याजवळ बसून नेमकं काय आणि कसं बोलावं?

वचन_अभ्यास

सलाम. तिन्ही वचनं त्यांच्या अध्यायात परत ठेवून वाचा.

नीतिसूत्रे १८ मध्ये २१ व्या वचनाच्या आसपास काय आहे ते पाहा. आठव्यात कानाशी लागणाऱ्याच्या चहाड्या, तेराव्यात ऐकून घेण्याआधीच उत्तर देणारा, सतराव्यात वादात आधी बोलणारा खरा वाटतो पण प्रतिपक्ष येऊन त्याची तपासणी करतो. हा सगळा माणसामाणसांतल्या बोलण्याचा विषय आहे. त्या काळी साक्षीदाराच्या जबानीवर माणसाचा जीव जात होता किंवा वाचत होता. जिभेच्या हाती जीवन-मरण आहे ते या अर्थी. आपल्या शरीरातला ताप शब्दांनी घालवण्याबद्दल तिथे काही नाही.

मार्क ११:२३ च्या आधी २२ वं वचन आहे: देवावर विश्वास ठेवा. पुढे २४ मध्ये प्रार्थना आणि २५ मध्ये क्षमा. म्हणजे डोंगर हलतो तो देवामुळे, बोलणाऱ्याच्या ठामपणामुळे नाही. ज्या प्रभूने हे सांगितलं, त्यानेच तीन अध्यायांनंतर, धरलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत, "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" अशी प्रार्थना केली (मार्क १४:३६). "तुझी इच्छा असेल तर" हा अविश्वास ठरवायचा असेल, तर हे वचन कुठे ठेवणार?

रोमकरांस ४:१७ मध्ये जे नाही त्याला आहे असं म्हणणारा देव आहे. ते काम आब्राहामाचं नाही. दोनच वचनं पुढे जा: आपलं शंभरीला आलेलं शरीर आणि सारेचं वांझपण लक्षात घेऊनही तो विश्वासात दुबळा झाला नाही. वस्तुस्थिती नाकारून मग विश्वास ठेवला, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणत नाही.

पौलाची पत्रंच पाहा. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरायला टेकला होता (फिलिप्पै २:२७). सोबती त्रफिमाला आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवून आलो, असं तो लिहितो (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). प्रेषित नावं घेऊन आजारपण लिहितो, तर आपल्या मंडळीतल्या वयस्करांनी का लपवायचं?

ही शिकवण आली कुठून तेही माहीत असावं. अमेरिकेतले ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७–१९४८) यांच्या लिखाणात तिची मांडणी आहे. केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती पुढे नेली आणि १९७४ पासून ओक्लाहोमातल्या त्यांच्या बायबल प्रशिक्षण केंद्रातून ती दूरवर गेली. मंडळीच्या जुन्या मतांगिकारांत, म्हणजे विश्वासाच्या ठरावीक कबुल्यांत, ती सापडत नाही.

स्तुतीगान

वरच्या भावांचं बहुतेक मान्य आहे, पण एक बाजू राहिली. वचन मोठ्याने म्हणण्याला पवित्र शास्त्रात भक्कम जागा आहे आणि या वादात ती हातची जाऊ नये. स्तोत्र ४२ आणि १०३ मध्ये भक्त स्वतःच्या जिवाशी बोलतो: का खचलास, देवाची आशा धर, त्याचे उपकार विसरू नकोस. रोमकरांस १०:९-१० मध्ये अंतःकरणाचा विश्वास आणि मुखाची कबुली एकत्र येतात. यशया ५५:११ प्रमाणे देवाचं वचन रिकामं परतत नाही. म्हणून रात्री भीतीने झोप लागत नसेल तेव्हा स्तोत्र २७ किंवा ९१ ओठांनी म्हणावं, मनातल्या मनात नाही. आवाज कानावर पडला की भरकटणारं मन थांबतं.

आपल्याकडे याची साक्षही आहे. केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ च्या जूनअखेर जे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, त्यात पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या.

वचन_अभ्यास

स्तुतीगान, याच्याशी पूर्ण सहमत. फक्त मुक्तीतला तो आवाज मुख्यतः कशाचा होता, तेही सांगायला हवं: पापांच्या कबुलीचा आणि रडून केलेल्या विनवणीचा. खरं ते देवापुढे बोलून टाकणं हा त्याचा गाभा. आजच्या सभेत नेमकं तेच बोलायला बंदी आहे.

आणखी एक. "विश्वास धरला म्हणून बोललो" हे २ करिंथ ४:१३ मधलं वाक्य या शिकवणीत फार वापरतात. पौल तिथे स्तोत्र ११६:१० घेतो. ते वचन पूर्ण वाचा. विश्वास धरणारा भक्त जे बोलतो ते असं आहे: मी फार पीडित आहे.

आवाजाबद्दलही ताण नको. मूल मागणाऱ्या हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, याजक एलीला ती प्यायलेली वाटली (१ शमुवेल १:१३). तिची प्रार्थना ऐकली गेली.

रुग्णभेट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण चुका जास्त तिथेच होतात.

दोघा-तिघांनीच जावं, दहाजणांनी नाही. भेट दहा-पंधरा मिनिटांची पुरे. उभं राहून वरून बोलू नका, खुर्ची ओढून रुग्णाच्या तोंडाच्या पातळीला बसा. पहिला प्रश्न: "आज कसं वाटतंय?" आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. दुसरा: "प्रभूकडे आज काय मागू?" पुष्कळदा माणूस बरं होणं मागत नाही. झोप मागतो, ऑपरेशनची भीती जावी असं मागतो, दुरावलेल्या मुलाचा फोन यावा असं मागतो. तेच मागा, त्यांच्याच शब्दांत.

मग एकच उतारा, सावकाश. स्तोत्र २३ ला सहा वचनं आहेत, १२१ ला आठ, बहुतेकांना तोंडपाठ. फार कोसळलेल्या माणसाजवळ स्तोत्र १३ वाचा. ते "किती काळ?" या प्रश्नाने सुरू होतं आणि सहा वचनांत भरवशापर्यंत येतं. वाचून झाल्यावर थोडं थांबा. प्रार्थना एकानेच करावी, दोन-तीन मिनिटं. सरळ मागा: "प्रभू, यांना बरं कर. औषधाला गुण दे. आजची रात्र सोपी कर." धीटपणे मागण्यात काही कमीपणा नाही. पण "प्रभूने आत्ताच बरं केलं आहे" असं सांगू नका. उद्याच्या रिपोर्टमध्ये तसं दिसलं नाही तर तो माणूस आपल्याच विश्वासात खोट शोधत बसतो, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला निरोप घेण्याचीसुद्धा मोकळीक उरत नाही. या शिकवणीचं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं.

तेल लावायचं तर याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवा. बोट बुडवून कपाळावर एक थेंब पुरे. हात आधी धुवा. जखमेवर, सलाईनच्या जागेवर तेल नको, आणि प्यायला तर नाहीच. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या काही रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेली प्रार्थना किंवा गीत म्हणता येतं. म्हणून वेग त्यांचा ठेवा. शुद्ध हरपलेला माणूस ऐकत असू शकतो, तेव्हा त्याच्या उशाशी बिलाची आणि वाटणीची चर्चा नको.

औषध प्रार्थनेच्या नावाने बंद करायला कुणी सांगत असेल तर तिथेच थांबवा. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. अर्ध्यावर सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इन्सुलिनवरच अवलंबून असलेला रुग्ण ते बंद केल्यावर काही दिवसांतच दगावू शकतो. डॉक्टरांसमोर लक्षण लपवलं तर निदानच चुकतं.

शांतीवन

फार आधार मिळाला. एक जोडप्रश्न. आईच्या तोंडून रागात मुलाला "तुझं वाटोळं होईल" असं गेलं, तर सभेत म्हणतात की तो शाप चिकटला, विशेष प्रार्थनेने तो "रद्द" करून घ्या. खरं काय?

वसई_गाव

नीतिसूत्रे २६:२ स्पष्ट आहे: भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा निष्कारण शाप कुठे येऊन बसत नाही. ख्रिस्ताच्या मुलावर आईच्या रागाची सत्ता चालत नाही. पण मुलाच्या मनावर ते वाक्य नक्की चालतं, आणि तिथे "रद्द करते" म्हणून भागत नाही. त्याच दिवशी मुलाजवळ जावं, बोललेलं वाक्य जसंच्या तसं घ्यावं, "मी असं बोलले, ते चुकीचं होतं, मला क्षमा कर" एवढंच म्हणावं. "पण तूही..." जोडलं की क्षमा मागणं तिथेच संपतं. मूल लगेच "ठीक आहे" म्हणालं नाही तर त्याला वेळ द्यावा.

मग रोजचा आशीर्वाद सुरू करा. गणना ६:२४-२६, डोक्यावर हात ठेवून, मुलाचं नाव घेऊन, निजायच्या आधी. अर्धा मिनिट लागतो. मूळ हिब्रूत या तीन ओळी तीन, पाच, सात शब्दांच्या आहेत, वाढत जातात, त्यामुळे घाई न करता म्हणायलाही छान. यरुशलेमजवळ १९७९ मध्ये सापडलेल्या दोन चिमुकल्या चांदीच्या गुंडाळ्यांवर हाच आशीर्वाद कोरलेला होता, ख्रिस्तापूर्वी सुमारे सहाशे वर्षांचा. गोव्यात संध्याकाळच्या तेर्सानंतर (रोझरीच्या जपानंतर) मुलं थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. ज्या घरांत असं काही नाही तिथे नव्याने सुरू करता येतं. मोठं झालेलं मूल लाजत असेल तर डोक्यावर हात नको, दारातून निघताना "देव तुझं रक्षण करो" पुरे.

शांतीवन

आणि सभा चालवणाऱ्या भावांशी कसं बोलावं? माणूस मनाने चांगला आहे.

वचन_अभ्यास

सभेत सगळ्यांसमोर नको. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकांतात, आणि वाद घालायला म्हणून नाही. सोबत बसून स्तोत्र ११६ आणि रोमकरांस ४ पूर्ण वाचा, वचनांनाच बोलू द्या. त्यांना एकच विनंती करा: पुढच्या सभेपासून आजाऱ्यांनी आपलं दुखणं नाव घेऊन सांगावं आणि मग प्रार्थना व्हावी. ते तयार झाले नाहीत तर पाळकसाहेबांना सोबत घ्या. औषध बंद करण्याची गोष्ट निघाली असेल तर मात्र थांबू नका, आजच पाळकसाहेबांना आणि रुग्णाच्या घरच्यांना कळवा.